बंदूक खाली ठेवल्यानंतरचा गोपाळबाबा

१ जानेवारी आली की आमच्या शिवडीच्या वस्तीतून गाड्या सुटतात भीमा कोरेगावला. मीही जातो. स्तंभापुढं छाती काढून उभा राहतो, बरोबरच्या पोरांना दगडावरची नावं वाचून दाखवतो. शेवटी 'नाक' लागलेली ती नावं. एकोणपन्नासांतली बावीस. १८१८ सालची ती लढाई आणि १ जानेवारी १९२७ ला तिथं येऊन गेलेले बाबासाहेब, हे आपल्या पोरांना झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. २०१८ ला तिथं दगड पडले, गाड्या जळाल्या, तरी आपली माणसं जायची थांबली नाहीत. थांबणारही नाहीत. ज्याला खटकतं त्यानं डोळे मिटून घ्यावेत.

त्या स्तंभाशी माझं काही भांडण नाही. भांडण आहे ते आपल्याशी. लढणारा महार आपल्याला पक्का ठाऊक आहे. रिक्षाच्या मागं, टी-शर्टावर, मोबाईलच्या स्टेटसला तो तलवार उपसून उभा असतो. पण लढून झाल्यावर, बंदूक जमा करून, पेन्शनीचा कागद खिशात घालून घरी आलेला महार? त्यानं पुढं काय केलं? गोदीत जेवणाच्या सुट्टीत टोळीतल्या आपल्याच पोरांना मी विचारलं, गोपाळबाबा वलंगकर कोण रे? एक जण डबा चाटत म्हणाला, "कुठल्या वॉर्डातला?"

हसू नका. तुमच्यातल्या पदवीधरांना विचारलं तर 'फुल्यांचे अनुयायी' यापलीकडं गाडी जायची नाही. पुढाऱ्यांचं तर विचारूच नका. त्यांच्या बॅनरवर पंधरा फोटो मावतात, पण हा म्हातारा मावत नाही. त्याला मतं नाहीत.

महाड तालुक्यातलं रावढळ हे गोपाळबाबांचं गाव. जात महार. पलटणीत गेले, हवालदार झाले, १८८६ साली निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. दापोली म्हणजे तेव्हाचा कॅम्प. पलटणीतून सुटलेल्या पेन्शनरांची तिथं वस्तीच होती. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ त्याच दापोलीत बिऱ्हाड करून होते, लहानगा भिवा त्यांच्यासोबत होता. रमाईचं वणंद तिथून जवळच. आपल्या चळवळीची मुळं शोधायला लोक पुण्यात जातात, मुंबईत जातात. एकदा कोकणातल्या या एवढ्याशा तुकड्यावर बोट ठेवून बघा.

आता मुद्द्याची गोष्ट. ती म्हणजे पेन्शन.

तुम्हाला वाटेल हा गोदीवाला कविता सोडून पेन्शनीवर काय घसरला. ऐका. गावातला महार त्या काळी काय खात होता? येसकराच्या पाळीची शिळी भाकर, मेलेलं ढोर, आणि कोकणात वर खोताची मेहेरबानी. जमीन खोताची, झोपडं खोताच्या जमिनीवर, वेठ खोताच्या दारी. जो भाकर टाकतो तो जीभही ताब्यात ठेवतो. अशा माणसानं गावात उभं राहून "विटाळ कशाला म्हणता?" असं विचारलं तर दुसऱ्या दिवशी त्याची चूल बंद. लढा द्यायला शौर्य लागतं हे आपण भाषणात म्हणतो, पण उद्या काय खायचं याचा जवाब आधी लागतो.

गोपाळबाबांकडं तो जवाब होता. दर महिन्याला सरकारी खजिन्यातून येणारी रोख रक्कम. ती खोताच्या हातातून येत नव्हती, पाटलाच्या ओट्यावरून येत नव्हती, त्यासाठी कुणाला जोहार घालावा लागत नव्हता. गाव त्याच्यावर बहिष्कार टाकू शकत होतं, पण त्याचा तुकडा तोडू शकत नव्हतं. आणि दुसरी गोष्ट अक्षराची. कंपनीच्या पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या पोरांना शिकवायची सोय होती, पोरींनाही. ज्या अक्षराला गावात हात लावला तर हात तुटला असता ते छावणीत कवायतीसारखं रोज घोटून घेतलं जात होतं.

कुणी लगेच म्हणेल, म्हणजे इंग्रजाचे उपकार. कसले उपकार? रक्ताची मजुरी होती ती. मजुरीला उपकार म्हणायची सवय मालकाला असते, आपल्याला नको. आणि हेही बघा, पेन्शन तर सगळ्याच हवालदारांना होती. सगळे काही गोपाळबाबा झाले नाहीत. मिशीला पीळ देत, खाटेवर बसून, पलटणीतल्या गोष्टी सांगत आयुष्य काढता आलं असतं. त्यात काही पापही नव्हतं. थकलेला माणूस बसणारच. या माणसानं मात्र निवृत्तीचा अर्थ उलटा लावला. आता कुणाचा हुकूम नाही तर आता आपल्या लोकांचं काम.

जोतीरावांचं लिखाण त्यांच्या हाती लागलं होतं. 'गुलामगिरी' १८७३ ची, सत्यशोधक समाजही त्याच सालचा. आर्य बाहेरून आले, इथल्या मूळच्या लोकांना हरवून खाली दाबलं, हा जोतीरावांचा सिद्धांत गोपाळबाबांनी उचलला आणि थेट अस्पृश्यांपर्यंत नेला. 'दीनबंधु'त लिहिलं. हा 'दीनबंधु' नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत चालवलेला. गिरणी कामगारांची पहिली संघटना १८८४ साली उभी करणारे, १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून देणारे तेच लोखंडे. आज रविवारी जो कामगार पाय ताणून झोपतो त्याच्या झोपेवर लोखंड्यांचं देणं आहे, आणि त्यांच्याच कागदात आपल्या हवालदाराची लेखणी चालत होती. कामगार एकीकडं, दलित एकीकडं अशी वाटणी ज्यांनी नंतर केली त्यांना हे जुने अंक दाखवायला पाहिजेत.

१८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. नाव बघा. 'विटाळ निवारण' नाही, 'अस्पृश्योद्धार' नाही. विध्वंसन. शिपायाचा शब्द आहे. आत आहेत सवाल, सवर्णांना केलेले सवाल. मी कविता लिहितो, आमच्या कवी लोकांची खोड मला ठाऊक आहे. शिवी घातली की टाळी पडते आणि टाळी पडली की आम्हाला क्रांती झाल्यासारखं वाटतं. शिवी खाणाऱ्याला जवाब द्यावा लागत नाही, तो उलट म्हणतो, बघा यांची भाषा. गोपाळबाबा शिवी देत नाहीत, उलटतपासणी घेतात. विटाळ कुठून आला, कुणी ठरवला, दाखवा. पुढच्या माणसाला पुस्तक उघडायला लावतात. असा सवाल टाकायला आपल्या तल्खीवर लगाम लागतो, आणि आमच्यातल्या पुष्कळांकडं तो नाही.

संघटनाही काढली. नाव अनार्य दोष परिहारक मंडळी. ज्या 'अनार्य' शब्दानं नाक मुरडायचं तोच पाटीवर लावला. हे झकास. पण त्यातला 'दोष' मला आजही टोचतो. कुणाचे दोष? आपल्यावर लादलेले की आपल्यात असलेले? मेलेलं मांस सोडा, स्वच्छ राहा, पोरं शिकवा, हे त्या काळच्या सगळ्याच सुधारकांचं म्हणणं. ते गरजेचंही होतं. पण त्यात एक धोका असतो. रोज स्वतःचे दोष धुता धुता माणूस समोरच्याचा दोष विसरतो. गोपाळबाबा विसरले नाहीत, कारण एका हातात 'परिहार' होता तर दुसऱ्या हातात 'विध्वंसन'.

१८९५ साली सरकारनं त्यांना महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर नेमलं. झालं! वरच्या जातींचे सभासद बिथरले. महार आपल्या बरोबरीनं बैठकीत बसणार? वर्तमानपत्रांतून वाद पेटला. ज्या माणसाच्या बंदुकीमागं लपून यांची तिजोरी शाबूत राहिली त्याच्या शेजारची खुर्ची यांना चालेना. मला तो म्हातारा त्या बैठकीत दिसतो. कवायतीचा ताठ कणा, आणि आजूबाजूला सावडत, आक्रसत बसलेले शेठ-भट. त्या दिवशी कुणी गोळी झाडली नाही, कुणी घोषणा दिली नाही. माणूस नुसता बसला. आणि तालुका हादरला.

तालुका महाड, हे ध्यानात घ्या. तेच महाड जिथं पुढं बत्तीस वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच साली २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली ती महाडलाच. बोले ठराव १९२३ चा, नगरपालिकेनं तळं खुलं करायचा ठराव केला, हे सगळं आपण शिकतो. पण महाडच का? उत्तर सोपं आहे. त्या मातीत आधीच नांगर फिरलेला होता. कोकणातल्या गावागावांत पलटणीतून आलेले पेन्शनर बसलेले होते, वाचणारे, अर्ज लिहिणारे, पाटलाला न घाबरणारे. परिषदेला जी माणसं आली त्यांत अशी निवृत्त लष्करी माणसं होती. गोपाळबाबा तेव्हा नव्हते. १९०० सालीच गेले.

आता टीका. टीका केली नाही तर ही श्रद्धांजली होईल आणि श्रद्धांजल्या छापायला दुसरी मासिकं आहेत.

१८९२ च्या सुमाराला इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. 'लढाऊ जाती' नावाचं थोतांड तेव्हा साहेब लोकांच्या डोक्यात बसलं होतं. ज्यांनी कोरेगावला त्यांची अब्रू राखली ते एका फटक्यात लढाऊ राहिले नाहीत. वापरून झालं की फेकलं. या बंदीविरुद्ध गोपाळबाबांनी १८९४ साली अर्ज तयार केला. आम्हाला पुन्हा पलटणीत घ्या. आणि त्या अर्जात काय म्हटलं? आम्ही मूळचे क्षत्रिय. दुष्काळात जगण्यासाठी नको ते खाल्लं म्हणून खाली ढकलले गेलो.

म्हणजे एकीकडं आम्ही अनार्य, इथले मूळचे, आर्यांनी हरवलेले. आणि दुसरीकडं आम्ही क्षत्रिय, म्हणजे त्याच आर्यांच्या उतरंडीतली वरून दुसरी पायरी. दोन्ही एकदम कसं खरं असेल? नाहीच. साहेबाला लढाऊ जात हवी होती, म्हणून साहेबाच्या वजनकाट्यावर स्वतःला मोजून दाखवलं. पुढं बाबासाहेबांनी १९४६ आणि १९४८ च्या ग्रंथांतून हा वंशाचा सगळा पसारा तपासला आणि आर्य-अनार्याचा वंशसिद्धांतच बाजूला सारला. आपण त्यांच्या बाजूनं उभे राहायचं. तरी अर्ज लिहिणाऱ्या म्हाताऱ्याची अडचणही बघायची. त्याला ठाऊक होतं भरती बंद होणं म्हणजे काय. पगार बंद, शाळा बंद, पेन्शन बंद. पुढच्या पिढीत खोताच्या हाताबाहेरचा एक माणूस निपजणार नाही. त्याला राणीच्या झेंड्याचं प्रेम नव्हतं. आपली एकुलती एक बाहेरची वाट बंद होतेय हे त्यानं सगळ्यांच्या आधी ओळखलं. पुढं १९१७ ला महारांची पलटण उभी केली, १९२१ ला मोडली. १९४१ ला महार रेजिमेंट झाली तेव्हा गोपाळबाबांना जाऊन एकेचाळीस वर्षं उलटली होती.

हे सगळं मला पुस्तकातून कळायच्या आधी एका माणसातून कळलं होतं. आमच्या चाळीत महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक हवालदार राहायचे. आम्ही हवालदारकाका म्हणायचो. नाव छापलेलं त्यांना आवडलं नसतं, म्हणून लिहीत नाही. आज एनजीओवाले वस्तीत येतात, 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी लावतात, दुपारी दोन ते पाच. काकांना पाटी नव्हती. गॅलरीत एक लोखंडी पेटी, तिच्यावर कागद, कार्बन आणि टाचण्या. रेशन कार्ड, जातीचा दाखला, विधवेचा फंड, पोराच्या शाळेचा फॉर्म. कुणी दारू पिऊन बायकोला मारायला लागला की काका त्याच्या दारात जाऊन नुसते उभे राहायचे. बोलायचे नाहीत. हात मागं बांधून उभे. तो कंटाळून, लाजून थांबेपर्यंत. सकाळी त्यालाच चहाला बोलवायचे आणि तासभर ऐकून घ्यायचे. दहावीत नापास झालेला एक पोरगा रुळाकडं चालला होता, त्याला काकांनी रात्रभर वस्तीतून चालवलं. नुसतं चालवलं. पहाटे पोरगा म्हणाला, काका, पाय दुखतात, घरी जाऊ.

माझ्या बापाच्या पायावर गोदीत लोखंड पडलं. स्लिंग तुटली. ठेकेदारानं हात वर केले, हा माणूस आमचा नाहीच. काकांनी हजेरीच्या पावत्या गोळा केल्या, सोबतच्या चार जणांचे अंगठे-सह्या घेतल्या आणि अर्ज लिहायला बसले. बाप खाटेवरून म्हणाला, "मेहेरबान साहेब असं लिवा, हवालदार." काका म्हणाले, "साहेब लिहितो. मेहेरबान कशाला? तो काय घरचं देतोय?" तीन वर्षं लागली. मागितले त्याच्या निम्मे मिळाले. पण त्या तीन वर्षांत मी अर्ज लिहायला शिकलो, आणि माझी कविता जी काही आहे ती त्या अर्जांतून आली. पहिली ओळ सरळ पाहिजे, कुणाला उद्देशून आहे ते कळलं पाहिजे, आणि शेवटी सही.

काका हे कशाच्या जोरावर करत होते? पुन्हा तेच. पहिल्या तारखेला बँकेत पडणारी पेन्शन. त्यांना कुणी नगरसेवक विकत घेऊ शकत नव्हता, कुणी ठेकेदार कामावरून काढू शकत नव्हता. दुपारी दोन वाजता कुणी रडत आलं तर त्यांना त्याच्यासाठी वेळ होता. परोपकार परोपकार म्हणून आपण गळे काढतो, पण परोपकाराला वेळ लागतो, आणि गरिबाकडं नेमका तोच नसतो. मी बारा तास काम करून घरी आल्यावर माझ्या दारात कुणी फॉर्म घेऊन उभं राहिलं तर खरं सांगतो, माझ्या डोळ्यांपुढं अक्षर हलतं.

म्हणून विचारतो, आपल्या वस्तीत पुढचा गोपाळबाबा येणार कुठून? गोदीत आता कायमचे कामगार निवृत्त होतात आणि त्यांची जागा भरत नाही. आम्ही ठेक्यावरचे. हूक तोच, बोट तीच, लोखंड तेवढंच जड, पण हजेरी रोजची. कंटेनरचं काम खाडीपलीकडं न्हावा-शेव्याला गेलं त्याला जमाना झाला. गिरण्यांच्या जागी टॉवर आले. सफाईचं काम ठेक्यावर. आणि लष्कर? १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षं नोकरी, मग शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस ठेवायचे, बाकीच्यांना अकरा लाख एकाहत्तर हजारांच्या आसपास रक्कम देऊन घरी पाठवायचं. पेन्शन नाही. १८९२ ला दार बंद केलं होतं. आता दार उघडंच आहे, फक्त दुसऱ्या बाजूनं लगेच बाहेर काढतात. यावर आपल्या किती पुढाऱ्यांनी तोंड उघडलं? १ जानेवारीला स्तंभापुढं सलामी देताना किती जणांना आठवलं की ज्या शिपायाला सलामी देतोय त्याच्या नातवाची पेन्शन काढून घेतलीय?

शौर्याचा गौरव सरकारलाही परवडतो. त्याला खर्च नाही. पुतळा एकदाच बसवायचा. म्हातारपणाचा तुकडा मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. आपल्या मागण्यांच्या यादीत स्मारक पहिल्या नंबरावर असतं आणि पेन्शन नसतेच. रावढळला जा, दापोलीला जा, गोपाळबाबांचं स्मारक जरूर मागा, मी सही करीन. पण त्याच कागदावर ठेक्यावरच्या कामगाराचं आणि अग्निवीराचं निवृत्तिवेतन मागा. नाहीतर त्या स्मारकाचा झाडूवालासुद्धा ठेक्यावरचाच ठेवतील.

आमच्या गल्लीतला एक एकोणीस वर्षांचा पोरगा रोज पहाटे चारला उठून शिवडीच्या रस्त्यावर धावतो. सोळाशे मीटर. भरतीची तयारी. मी रात्रपाळीवरून परत येताना तो मला भेटतो, घामानं निथळत. परवा थांबवला त्याला. म्हटलं, लागलास तर चार वर्षांनी काय करशील? तो धापा टाकत हसला. म्हणाला, "पंचवीस टक्क्यांत येतो की मी." म्हटलं, नाही आलास तर?

"दादा, मग तुझ्या मुकादमाला सांग ना. गोदीत लागेल का माझं?"